गाणाऱ्यांनी काय घालावे?

देवदर्शनाला जाताना काय घालावे, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उकळत असतो. २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने पोशाखाचा नियम जाहीर केला, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर घरोघरी त्याची चर्चा झाली. रोमला सेंट पीटर्सच्या दारात गुडघे आणि खांदे उघडे असलेल्या पाहुण्यांना अडवतात. जुन्या गोव्याच्या चर्चमध्येही अर्ध्या चड्डीत आलेल्या पर्यटकांसाठी सूचना दिसतात. पण हे सारे नियम येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. जो माणूस समोर उभा राहून गातो, ज्याच्याकडे तासभर शे-दोनशे डोळे लागलेले असतात, त्याने काय घालावे, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. आणि तो सध्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कधी कुजबुजत, कधी चांगल्या चढ्या आवाजात विचारला जातो आहे.

प्रश्न नवा वाटतो, कारण गाणाऱ्यांची जागा बदलली. पूर्वीचा गायकवृंद मागच्या सज्जात किंवा वेदीच्या बाजूला बसायचा. लोकांना त्यांचे सूर ऐकू यायचे, चेहरे फारसे दिसायचे नाहीत. आता विशेषतः नव्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि चार-पाच माइक घेऊन तरुण मुलेमुली थेट व्यासपीठावर उभी असतात. त्यांना ‘वर्शिप टीम’ म्हणतात. या रिवाजाची एक मोठी मुळी कॅलिफोर्नियात सापडते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोस्टा मेसा गावातल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये लांब केसांची, मळक्या जीन्समधली हिप्पी पोरे येऊ लागली. तिथे नवा गालिचा घातलेला होता. अनवाणी येऊ नये अशी पाटी कुणीतरी लावली. पाळक चक स्मिथ यांनी ती काढायला लावली आणि सांगितले, पोरांना अडवण्यापेक्षा गालिचाच उखडून टाकू. त्याच पोरांनी पुढे उपासनेत गिटार आणली. गंमत अशी, की ज्या चळवळीची सुरुवातच ‘जसे आहात तसे या’ यापासून झाली, तिच्या वारशातल्या मंडळ्यांतच आज गाणाऱ्यांच्या हातात नियमांचा कागद दिला जातो.

त्या कागदात साधारण काय असते? गुडघे झाकलेले असावेत, आणि तेही बसल्यावर. गळा खोल नसावा. कापड पारदर्शक नसावे, फार अंगासरशी नसावे. फाटक्या जीन्स नकोत, छातीवर अक्षरे छापलेले शर्ट नकोत. पुरुषांना टोपी, अर्धी चड्डी, कमरेखाली घसरणारी पँट मना. यातल्या बऱ्याच गोष्टी ऐकायला जाचक वाटल्या तरी व्यासपीठावर एकदा उभे राहिलेल्याला त्यामागचे कारण पटते. तीन-चार फूट उंच व्यासपीठ आणि त्याखालीच पहिली रांग. खाली बसलेल्यांची नजर वर जाते. जो घागरा आरशासमोर अगदी साधा दिसतो, तो त्या कोनातून आखूड होतो. मागून दिवा असला की घरच्या ट्यूबलाइटखाली जाड वाटलेले सुती कापड जाळीसारखे होते. स्तुतिगीत म्हणताना हात वर जातात आणि त्याबरोबर कुर्तीही वर जाते. गिटारवाला पायाजवळचे बटण दाबायला वाकतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे बसलेल्या ड्रमवाल्याला काय दिसते, हे ड्रमवाल्यालाच विचारावे. माइकची लहान डबी अडकवायला कमरेला पट्टा लागतो किंवा साडीचा भक्कम खोचा तरी. काचेच्या बांगड्या माइकपाशी किणकिणतात आणि ध्वनिक्षेपकातून डबे पडल्यासारखा आवाज होतो. म्हणून जाणत्या मंडळ्या शनिवारच्या तालमीलाच सांगतात, की रविवारचे कपडे घालून या, हात वर करा, वाका, बसा, दिव्यासमोर उभे राहा. एवढे झाले की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. त्यात चारित्र्याचा विषय कुठेच येत नाही. नाटकवाले हेच करतात आणि कुणाला त्याचे वाईट वाटत नाही.

अडचण सुरू होते ती यापुढे, ‘शालीनता’ हा शब्द आला की. या शब्दासाठी बायबलातला जो उतारा हमखास पुढे केला जातो, तो तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला. तो नीट वाचावा. तिथे गुंफलेले केस, सोने, मोती आणि महागडी वस्त्रे यांचा उल्लेख आहे. म्हणजे रोख किती अंग दिसते याच्यापेक्षा किती पैसा दिसतो याच्यावर आहे. याकोबाच्या पत्रात तर सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देणाऱ्या आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तिकडे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीची चांगलीच कानउघाडणी आहे. या मोजपट्टीने पाहू गेले तर गुडघ्याच्या चार बोटे वर गेलेल्या घागऱ्यापेक्षा जरीची भारी साडी अधिक अशालीन ठरायची! पण तसा नियम केलेला माझ्या पाहण्यात नाही. २०१९ साली इन्स्टाग्रामवर एक खाते सुरू झाले. प्रसिद्ध अमेरिकी धर्मोपदेशकांच्या पायातल्या बुटांचे फोटो आणि शेजारी त्या बुटांची किंमत, एवढेच त्यात असे. अंगभर झाकलेली माणसे, आणि तरी हजारो लोकांना त्यात काहीतरी खटकले.

हा पैशाचा मुद्दा आपल्या मंडळ्यांत वेगळ्या वाटेने शिरतो. येत्या नाताळला गायकवृंदाने सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या, असे ठरते. नवरात्रातल्या नऊ रंगांची सवय तर आम्हा वर्तमानपत्रवाल्यांनीच लावलेली, तेव्हा दोष द्यायला तोंड नाही. पण दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची आवाजाने गोड मुलगी ‘मला डिसेंबरात यायला जमणार नाही’ म्हणते, तेव्हा तिचे कारण बहुतेक वेळा साडीच असते. ते कुणाला सांगवत नाही.

जुन्या चर्चने यावर एक सरळ तोडगा काढला होता. सगळ्यांना एकच झगा. अँग्लिकन परंपरेत पायघोळ कॅसॉक आणि त्यावर पांढरा सैल सरप्लिस. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायकवृंदांचे रंगीत झगे तर जगभर ओळखीचे झाले. झग्याखाली इस्त्रीचा शर्ट आहे की ठिगळाचा, हे कुणाला कळत नाही. मुंबईच्या मे महिन्यात त्यात उकडून निघतात हे खरे, पण गरीब-श्रीमंत आणि आखूड-लांब हे दोन्ही वाद त्याने एका फटक्यात मिटतात. कॅथलिक चर्चने तर एकेकाळी त्याही पुढे पाऊल टाकले होते. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चसंगीताविषयी जो आदेश काढला, त्यात स्त्रियांना गायकवृंदात घ्यायचे नाही, वरच्या पट्टीसाठी मुलगे घ्यावेत, गायकांनी सरप्लिस घालावे आणि लोकांच्या नजरा फार पोचत असतील तर गायकांना जाळीआड ठेवावे, असे म्हटले होते. लक्षात घ्या, जाळीआड जायचे ते पुरुषांनी! दिसण्याने उपासनेत व्यत्यय येतो तो कुणाच्याही, ही समज त्यामागे होती. स्त्रियांवरची बंदी पुढे सैल होत गेली. १९६७ च्या आदेशाने मिश्र गायकवृंद सरळ मान्य केले. चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकावे हा १९१७ च्या धर्मसंहितेतला नियम १९८३ च्या संहितेत राहिला नाही.

आपल्याकडे मात्र तो नियम कागदावर असण्या-नसण्याने काही बिघडले नाही. मराठी चर्चमध्ये प्रार्थनेला सुरुवात झाली की डोक्यावर येणारे पदर आजही दिसतात. ती सवय रोमहून आलेली नाही, ती आजीकडून आली. वसईच्या कुपारी समाजातल्या म्हाताऱ्या लाल लुगड्यात मिस्साला जातात, त्यांना पोशाखाचा कागद कुणी दिला नव्हता. गेल्या शतकाच्याही आधी, १८६० च्या दशकात, तेव्हाच्या अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तने सुरू झाली. कीर्तनकार म्हटला की त्याचा पोशाख आपल्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे ‘उपासना-संगीत’मधून आजही मराठी मंडळ्या गातात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ओवी-अभंगांची वाट धरली आणि १९१७ मध्ये संन्यास घेतला. पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेजला १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, पण पांढरे लुगडे आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. तिथल्या भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला होता. अंगावर काय घालायचे हे आपण ठरवू, एवढाच त्याचा अर्थ.

हे स्वातंत्र्य सर्वांच्या वाट्याला आले नव्हते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढला, की स्थानिक ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये. हेतू लाज झाकण्याचा नव्हता. जुन्या धर्माची खूण पुसायची होती, आणि त्यासाठी चोळीसुद्धा गुन्हा ठरली.

आणि त्याच्या अगदी उलट प्रकार एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरात घडला. तिथे नाडार जातीच्या स्त्रियांना कमरेच्या वर वस्त्र घेण्याची मुभा नव्हती. वरच्या जातींपुढे छाती उघडी ठेवणे हीच ‘मर्यादा’ मानली जाई. यांतल्या अनेक कुटुंबांनी लंडन मिशनच्या प्रभावाखाली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मिशनऱ्यांच्या पत्नींनी त्या बायकांसाठी एक सैलसर जाकीट बेतले. सीरियन ख्रिस्ती स्त्रिया वापरत तशा या ‘कुप्पायम’ला १८१४ च्या सुमारास सरकारची परवानगीही मिळाली, मात्र नायर स्त्रियांसारखे वरचे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. तरीही बाजारात जाकिटे फाडली गेली, बायकांना मारहाण झाली, पुढे शाळा आणि प्रार्थनागृहे जळाली. १८२९ च्या फर्मानात तीच अट पुन्हा सांगितली. १८५८-५९ मध्ये दंगली उसळल्या. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी दडपण आणले, आणि अखेर २६ जुलै १८५९ रोजी त्रावणकोरच्या राजाने नाडार स्त्रियांना अंग झाकण्याचा हक्क दिला. तोही कसा? कोळणींसारखे जाडेभरडे कापड घ्या, वरच्या जातीच्या बायकांची नक्कल करू नका! म्हणजे जवळजवळ अर्धे शतक त्या बायका भांडल्या त्या जास्त कपडे घालण्यासाठी. देवळातला, चर्चमधला पोशाखाचा नियम कुणी कुणासाठी करायचा, हा प्रश्न पडला की मला त्या जाकिटाची आठवण येते. अंगभर कपडा हा एकीसाठी जाच असेल, पण त्या बायकांनी तो मार खाऊन मिळवला होता.

म्हणून आजच्या कागदाकडे पाहताना मी ‘नियम हवेत की नकोत’ यात फार रमत नाही. व्यासपीठाला नियम लागणार. पाहायचे ते एवढेच, की तो कागद कुणी लिहिला, केव्हा दिला आणि कुणाच्या तोंडून सांगितला. बहुतेक ठिकाणी मुलींची यादी पानभर आणि मुलांची दोन ओळींची असते. मुलीच्या कपड्यांमुळे मुलांचे लक्ष विचलित होते, असे कारणही लिहिलेले असते. सोळा वर्षांच्या मुलीला ते वाचून काय समजायचे? आपला आवाज देवासाठी आहे असे कालपर्यंत सांगणारेच आज आपल्या पायांकडे पाहत होते, हेच तिला समजते.

त्याहून वाईट म्हणजे ऐनवेळी सांगणे. उपासना सुरू व्हायला दहा मिनिटे आहेत, माइकची चाचणी झाली आहे, आणि कुणी वडीलधारे येऊन सर्वांदेखत म्हणतात, ‘आज तू खालीच बस.’ आई पहिल्या रांगेत बसलेली असते. ज्या नजरा त्या मुलीवर खिळू नयेत म्हणून नियम केला, त्या सगळ्या आता तिच्यावरच खिळतात, आणि तासभर तिथेच राहतात. अशा मुली पुढच्या रविवारी येतात, कदाचित नाताळपर्यंत येतात. मग कॉलेज, क्लास अशी कारणे सुरू होतात. घरच्यांना वाटते, पोरीचे देवाधर्मात मन राहिले नाही.

काही मंडळ्यांत हे काम एखाद्या जाणत्या काकू करतात. त्यांच्या पिशवीत एक-दोन ओढण्या आणि सेफ्टी पिनांचा डबा असतो. मुलीला बाजूला घेऊन त्या म्हणतात, ‘अगं, वर दिवा फार आहे, ही घे.’ बस्स. कागदातली सहा कलमे त्या एका वाक्यात येतात. मुलगाही घसरलेली पँट वर करतो, कारण काकू त्यालाही सोडत नाहीत.

करोनाच्या काळात, २०२० पासून, कितीतरी मंडळ्यांनी उपासना मोबाइलवर आणि यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली, आणि साथ गेल्यावरही ते थांबले नाही. त्यामुळे आता पहिली रांग व्यासपीठापाशी संपत नाही. कॅमेरा जवळ जातो, चेहरा, गळा, हात भरून दाखवतो, आणि ती चित्रफीत कायमची राहते. एखाद्या चुकीच्या क्षणी थांबवलेले चित्र त्या गाण्याच्या माथ्यावर डकवले जाते आणि गावभर फिरते. व्यासपीठावर कसे दिसावे याचा कागद गाणाऱ्यांना मिळतो. कॅमेऱ्यामागे बसून कुठे रोखायचे हे ठरवणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मात्र अजून कुणी काही लिहून दिलेले नाही.