‘वाफ संपली’ म्हणजे काय?

शर्यतीत सुरुवातीला पुढे असलेला धावपटू शेवटी रेंगाळला, की इंग्रज म्हणतो, ‘ही रॅन आउट ऑफ स्टीम’. शब्दशः अर्थ ‘त्याची वाफ संपली’. आपण म्हणू, ‘त्याचा दम संपला’. जोमाने सुरू होऊन मंदावलेल्या चळवळीला किंवा वादालाही हा बोलीतला वाक्प्रचार चालतो. औपचारिक अर्जात मात्र तो शोभत नाही.

मराठीत वाफ तोंडाची असते आणि ती फुकट दवडली जाते! इंग्रजीत वाफ म्हणजे जोर. हा जोर वाफेच्या इंजिनाचा. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्याला गेलेली आगगाडी अशाच इंजिनांनी ओढली. दट्ट्या ढकलून झाला, की इंजिन ती वाफ धुराड्यावाटे सोडून देई. म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागे. कोळसा किंवा पाणी कमी पडले, की दाब उतरे आणि चाके मंदावत.

आता आपल्या बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र घ्या. येथे वाफ टर्बाइन फिरवते. पण ती सोडून देत नाहीत. संघनकात तिचे पाणी करून तेच पुन्हा बाष्पकात पाठवतात. तरीही 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी येथील 1130 मेगावॅटचे सर्व संच बंद पडले. असे का झाले?

कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेल्यांपैकी बरीचशी उष्णता संघनकातून वाहणारे दुसरे, गार पाणी घेऊन जाते. हे तापलेले पाणी उंच शीतक मनोऱ्यात शिंपडतात. त्यातील काही भाग बाष्प होऊन उडतो व बाकीचे पाणी निवते. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते.

हिशेब करून पाहा. एका संचाला सेकंदाला 3,00,000 किलोज्यूल उष्णता टाकायची आहे असे धरा. 1 किलोग्रॅम पाणी उडताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेते. सारी उष्णता अशीच गेली, तर सेकंदाला 125 लिटर पाणी उडेल!

दुष्काळात याच पाण्यावर माणसांची आणि गुराढोरांची तहान अवलंबून असते. म्हणून कोरड्या हवेने अथवा कमी पाण्याने वाफ निवविण्याच्या पद्धती आपल्याकडे महत्त्वाच्या ठरतात.

तुमच्या घरचा माठही याच तत्त्वावर पाणी गार करतो. रात्री तो काठोकाठ भरा आणि सकाळी किती पाणी उडाले ते मोजा.