डार्करूममधल्या सरस्वतीबाई

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांनी भोकं असतात. एका चित्राला या बाजूला चार, त्या बाजूला चार. फुटाला सोळा चित्रं, म्हणजे १२८ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगतात. गुणाकार केला की आकडा पावणेपाच लाखांच्या घरात जातो, आणि ही झाली एका निगेटिव्हची गोष्ट. वाया गेलेली फिल्म धरलेलीच नाही. पडद्यावर दाखवायच्या प्रतीसाठी तेवढीच भोकं पुन्हा.

हा चित्रपट करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांकडे १९१२ साली कच्ची फिल्म यायची ती भोकांशिवाय. इंग्लंडहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर त्यांनी भोकं पाडायचं यंत्रही आणलं होतं. दिवसभर चित्रण चालायचं आणि रात्री दादर मेन रोडवरच्या घरात, दारं-खिडक्या बंद करून, उद्याची फिल्म तयार व्हायची. या कामावर सरस्वतीबाई असत, दादासाहेबांच्या पत्नी. भोकं पाडायचं आणि फिल्म धुवायचं काम दादासाहेबांनी घरच्यांना शिकवलं होतं, त्यात हा भार मुख्यतः त्यांच्यावर आला.

हे काम म्हणजे काय, याचा थोडा अंदाज मला आहे. कॉलेजात असताना नागपुरात महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओत मी मदतीला जात असे. पाटीवर काकांचं नाव होतं, लग्नात कॅमेरा घेऊन काकाच जायचे. डार्करूम मात्र काकूंची. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, प्रिंट काढणं, प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं बुजवणं, सगळं त्याच करायच्या. फिल्म टाकीच्या रिळावर चढवताना लाल दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोखात मी डोळे फाडून बघायला लागले, की काकूंना ते माझ्या श्वासावरून कळायचं. म्हणायच्या, ‘काहून डोळे ताणून राहिली? दिसतच नाही ना, मंग मिटून घे.’ डोळे मिटले की हाताला खरोखरच जास्त कळायला लागतं.

फिल्मची कुठली बाजू रसायनाची, हे अंधारात ओळखायची एक रीत त्यांनी दाखवली होती. फिल्मचं टोक ओलसर ओठाला हलकेच लावायचं. रसायनाची बाजू किंचित चिकटते, दुसरी गुळगुळीत सुटते. कडेनंच धरायचं, मधे बोट लागता कामा नये. बोटाचा घाम लागला तर तो ठसा कायमचा. छत्तीस चित्रांची पाच फुटी पट्टी रिळावर एका खाचेनं जरी चुकली तरी शेजारच्या वेटोळ्याला चिकटते आणि तिथली दोन-तीन चित्रं कोरी निघतात. लग्नाच्या फिल्मवर कोरी निघालेली चित्रं नेमकी वरमाळेची असू शकतात, एवढं डोक्यात ठेवलं की हात आपोआप सावकाश चालतो.

सरस्वतीबाईंच्या काळची फिल्म तांबड्या उजेडाला दाद देत नसे, त्यामुळे मंद तांबडा दिवा तरी त्यांना चालला असता. पण काम पाच फुटांचं नव्हतं, शेकडो फुटांचं होतं. भोकांची ओळ जरा तिरकी गेली किंवा अंतर चुकलं, की पडद्यावर चित्र थरथरतं, नाही तर पट्टी यंत्रात अडकून फाटते. आणि हा दोष कळणार कधी? दुसऱ्या दिवशी नट रंगून, कपडे घालून, उन्हात उभे राहिल्यावर, चित्रण संपल्यावर, फिल्म धुतल्यावर. तोवर अख्खा दिवस गेलेला. दुकानातली भोकं पाडलेली फिल्म वापरणाऱ्या आपल्याला ही जबाबदारी एरवी जाणवतच नाही.

धुण्याचं गणित याहून अवघड. डेव्हलपर साधारण वीस अंशांवर लागतो. नागपूरच्या मे महिन्यात नळाचं पाणीच हाताला चटका देतं, त्यामुळे काकू मोठ्या परातीत बर्फ घालून त्यात टाकी ठेवायच्या. पाणी कोमट राहिलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, कडेनं सुरकुततो आणि नखाच्या स्पर्शानं सुटून येतो. डेव्हलपर कालवताना मेटॉल आणि सल्फाइट कुठल्या क्रमानं टाकायचं, यातही शिस्त असते. सल्फाइट आधी जास्त पडलं तर मेटॉल नीट विरघळतच नाही, म्हणून त्याची नुसती चिमूट आधी, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. फाळक्यांच्या घरातली कृती वेगळी असेल, पण मुंबईचा उकाडा तोच होता आणि जिलेटिनचा स्वभावही तोच. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. म्हणजे शेवटची धुलाई आणि प्रती काढणं ऐन तापत्या दिवसांत आलं. ते निभावलं, हे माझ्या लेखी त्या चित्रपटातलं फार मोठं कौशल्य आहे.

शिवाय हे सगळं रात्रीचं. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता, कारण मंडळी तिथंच राहत आणि जेवत. चित्रणाच्या वेळी नटांवर उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहत. लहान मुलं होतीच. थोरला भालचंद्र त्याच चित्रपटात रोहिदास झाला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली तर भडकणारी. पंगतीच्या चुली आणि ती फिल्म एकाच संसारात सांभाळायची, या कल्पनेनंच मला धडकी भरते.

सरस्वतीबाईंची आठवण निघते ती बहुतेक वेळा दागिन्यांवरून. दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, विलायतेला जाऊन आले, मग वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडी थोडी टिपून छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. त्यात सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. हे खरंच आहे आणि लहान नाही. पण पतीच्या स्वप्नासाठी दागिने देणारी सोशिक पत्नी एवढंच चित्र रंगवलं, की रात्रीचं काम त्या चित्राबाहेर राहतं. धंद्यात ज्यानं पैसा घातला आणि कारखान्याचा एक विभाग स्वतः चालवला, त्याला आपण भागीदार म्हणतो. सरस्वतीबाईंनी दोन्ही केलं. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) विभावरी देशपांडे यांनी त्यांना हसरी, कामसू, नवऱ्याच्या बरोबरीनं धडपडणारी दाखवलं, त्याचा मला फार आनंद झाला होता.

दादासाहेबांचे डोळे आधीच दुखावलेले होते. १९११ मध्ये सिनेमाच्या वेडानं रात्रंदिवस प्रयोग करताना त्यांची दृष्टी काही काळ गेली होती आणि उपचारांनी परत आली. अशा माणसाला डार्करूममध्ये दुसरे भरवशाचे हात लागणारच. पगारी माणूस शिकवता आला असता, पण मुंबईत हे काम येणारी माणसं तेव्हा होतीच किती? चित्रपटात काम करायला बायका मिळेनात म्हणून तारामती अण्णा साळुंके झाले, हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच घरात एक बाई चित्रपटाची प्रयोगशाळा चालवत होती, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं.

दादासाहेबांना भागीदार लाभले नाहीत असं त्यांच्या चरित्रात पुन्हा पुन्हा दिसतं. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स नावारूपाला आणलं आणि भागीदाराशी न पटल्यानं सोडलं. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. वामन श्रीधर आपटे आणि मुंबईचे भांडवलदार त्यात होते, नाशकात मोठा कारखाना उभा राहिला, आणि थोड्याच काळात खर्चावरून, कामाच्या पद्धतीवरून खटके उडू लागले. दादासाहेब कंपनी सोडून काशीला निघून गेले. १९०२ मध्ये लग्न झाल्यापासूनची त्यांची भागीदार तेव्हाही मुलाबाळांसह त्यांच्याबरोबरच काशीला गेली.