घाटाखालची चाकं, पठारावरची पाती

कर्जत-खालापुरात पवनचक्क्या शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. त्या बघायच्या तर साताऱ्याच्या वर चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर जा, नाहीतर धुळ्याकडे ब्राह्मणवेलला. आमच्याकडे टर्बाइन आहेत, पण पाण्यावरच्या, आणि त्यांच्या केंद्रांची शंभरी कधीच उलटली. तरीही महाराष्ट्रातल्या पवनचक्कीची गोष्ट खोपोलीपासूनच सांगायला हवी असं मला वाटतं. ती गोष्ट आता फिरून भिवपुरीच्या दारात आली आहे.

फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांनी खोपोलीची वीज सुरू केली. ज्यांच्या डोक्यातून ही योजना निघाली ते जमशेटजी टाटा १९०४ मध्येच गेले होते. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत अडवलेलं पाणी पाइपांतून खोपोलीला उतरायचं, आणि तयार झालेली वीज सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या परळला जायची. तिथे कोळशावर धुरकटणाऱ्या कापडगिरण्या तिची वाट बघत होत्या.

खोपोलीत कड्यावरून उतरणारे ते जाड पाइप न पाहिलेला मुंबई-पुणे प्रवासी विरळाच. त्यांच्या टोकाला काय चालतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. पाणी सव्वापाचशे मीटर खाली येतं आणि तोटीतून सेकंदाला जवळपास शंभर मीटर वेगाने सुटतं. समोर पेल्टन चाक. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात लेस्टर पेल्टनने त्याचं पेटंट १८८० मध्ये घेतलं. चाकाच्या कडेने जोडवाट्या असतात आणि दोन वाट्यांच्या मधे धारदार कणा. धार कण्यावर दुभंगते, वाटीतून वळसा घेऊन उलटी फिरते आणि आपला सगळा वेग चाकाच्या हवाली करून खाली गळून पडते. आलेल्या ताकदीतली नव्वद टक्क्यांच्या आसपास आसाला मिळते.

पवनचक्की इथेच अडते. वापरलेलं पाणी खाली पडून वाट मोकळी करतं. वाऱ्याला तशी सोय नाही. पात्यांनी त्याचा सगळा वेग काढून घेतला तर हवा मागे तुंबेल आणि पुढच्या वाऱ्याला वाटच राहणार नाही. म्हणून वाऱ्याकडून फार तर ५९ टक्के घेता येतं. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी पहिल्या महायुद्धानंतर हे गणित मांडलं, आणि अजून ते कुणाला मोडता आलेलं नाही. त्यात हवा पाण्याच्या आठशेव्या हिश्शाइतकी हलकी. खोपोलीतल्या वेगाने सुटलेल्या वीतभर जाडीच्या धारेत पंधरा मेगावॉटहून जास्त ताकद असते. सेकंदाला आठ मीटर वेगाच्या चांगल्या वाऱ्यात एका चौरस मीटरमागे जेमतेम तीनशे वॉट. पाती लांबत का गेली, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

डेन्मार्कमध्ये पोल ला कूर यांनी १८९१ मध्ये आस्कोव्हला वाऱ्यावर वीज काढली. योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरला उभारलेली तीन पात्यांची, २०० किलोवॉटची चक्की आजच्या चक्क्यांची आजी. आपल्याकडे १९८६ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॉटची यंत्रं उभी राहिली. मग नव्वदच्या दशकाअखेरीस साताऱ्याची पठारं भरू लागली. आज सुझलॉनच्या एका चक्कीच्या पात्यांचा घेर १४४ मीटर व्यासाचा आणि ताकद तीन मेगावॉट. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. म्हणून चक्की मोकळ्या, उंच पठारावर. कर्जत पडलं डोंगराच्या कुशीत, आडोशाला.

इकडे १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं, ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर, आणि १९२७ मध्ये भिरा, मुळशीच्या पाण्यावर. टाटांच्या दूरदृष्टीचं कौतुक करताना मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह आणि त्याचे नेते सेनापती बापट सोयीने विसरले जातात. मुंबईकडे जाणाऱ्या तारांखालच्या कितीतरी वाड्यांवर दिवा लागायला स्वातंत्र्यानंतर दशकं जावी लागली, हेही.

पाण्याचा मोठा गुण म्हणजे ते थांबतं. झडप उघडली की काही मिनिटांत वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा ती उभी करायला ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राबरोबर याच जुन्या केंद्रांतले जलसंच कामी आले. वारा असा हुकमी नाही. साताऱ्याच्या चक्क्या खऱ्या जोरात फिरतात त्या पावसाळ्यात, त्याही वाऱ्याच्या मर्जीने. मग जास्तीची वीज ठेवायची कुठे? उत्तर पुन्हा डोंगर. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॉटच्या प्रकल्पांचा करार केला. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. चढ-उतारात वीस-पंचवीस टक्के वीज जाते, तरी हिशेब जमतो. भिऱ्याला नव्वदच्या दशकापासून १५० मेगावॉटचा असा संच आहेच.

आमच्याकडे मात्र वेगळी चर्चा व्हायला हवी. भिवपुरीतून सुटलेल्या पाण्यावर राजनाला या कालव्याखालची उन्हाळी भातं उभी असतात. पुढे उल्हास नदीतून बदलापूर, उल्हासनगर, कल्याणचे नळ त्यावर चालतात. खोपोलीचं पाणी पाताळगंगेतून रसायनीच्या कारखान्यांना जातं. हे पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारं. तिकडचे लोक ते परत मागतात, आणि त्यांचं मागणं गैर म्हणता येत नाही. नव्या योजनेत तेच पाणी वर-खाली खेळणार, म्हणजे वीज मिळाली तरी ते नाल्यात येईलच असं नाही. मेगावॉटचे आकडे छापले जातात. एप्रिल-मे महिन्यांत नाल्यात किती पाणी सुटेल, तो आकडाही कर्जतच्या शेतकऱ्याला आधी लेखी मिळायला हवा.