आकाशाचे पहारेकरी : लेखांक 11
न हललेली बॅटरी

सोव्हिएत बनावटीच्या क्युब या विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणालीची रडारगाडी आणि प्रक्षेपक रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर धावणारे होते, तर 1982 मध्ये लेबनॉनमधील बेका खोऱ्यात सीरियाच्या क्युब बॅटऱ्या जागच्या जागी कशा गारद झाल्या, हा गेल्या लेखांकानंतर एका वाचकाने विचारलेला प्रश्न विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखे नसल्यामुळे या आठवड्यासाठी ठरलेले भारताच्या आकाश प्रणालीतील राजेंद्र रडारचे विवेचन पुढे ढकलणे भाग आहे.

क्युबच्या एका बॅटरीत चार प्रक्षेपक आणि प्रत्येकावर तीन, अशी बारा क्षेपणास्त्रे सज्ज असत; मात्र त्या सर्वांचा डोळा म्हणजे एकच रडारगाडी. तिच्यावरील एक अँटेना आकाशाचा शोध घेई, तर दुसरी निवडलेल्या विमानाचा माग ठेवून त्याच्यावर अखंड लहरी सोडत राही, आणि विमानावरून परावर्तित झालेल्या या लहरींच्या आधारे क्षेपणास्त्र लक्ष्याकडे वळत असे. म्हणजेच क्षेपणास्त्र सुटल्यापासून ते लक्ष्यापर्यंत पोहोचेपर्यंत रडारला आपले अस्तित्व शत्रूला ओरडून सांगावे लागे. चालत्या गाडीवरून मारा करणे या प्रणालीला शक्य नव्हते. थांबायचे, रडारगाडी समतल करायची, दिशा निश्चित करायची, प्रक्षेपकांशी संपर्क जुळवायचा, असे सोपस्कार आधी पार पाडावे लागत. प्रशिक्षित तुकडीला त्यासाठी पाचेक मिनिटे पुरत, आणि त्या काळात ही गती विलक्षणच मानली गेली.

तथापि केवळ वाहनाच्या रचनेवरून बॅटरीची गतिक्षमता ठरत नाही, हे क्युब युद्धात उतरण्यापूर्वीच व्हिएतनाममध्ये दिसून आले होते. तेथील एस-75 ही क्षेपणास्त्र प्रणाली ट्रकांनी ओढून न्यावी लागे, ती उभारण्यास व आवरण्यास तास लागत आणि मध्यवर्ती रडारभोवती ताऱ्याच्या आकारात मांडलेले तिचे सहा प्रक्षेपक विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत सहज ओळखू येत. 24 जुलै 1965 रोजी तिने अमेरिकेचे एक एफ-4 विमान पाडले आणि तीनच दिवसांनी अमेरिकी हवाई दलाने सूड म्हणून दोन तळांवर हल्ला चढवला. पण एका तळावर नकली क्षेपणास्त्रे उभी होती, दुसरा रिकामा होता आणि भोवती विमानविरोधी तोफा दबा धरून बसल्या होत्या. सहा एफ-105 विमाने गमावून अमेरिकेला त्या दिवशी परतावे लागले. ज्या सामग्रीला अवजड म्हणून हिणवले जाते, ती रातोरात हलवण्याची तयारी तिच्या तुकडीने ठेवली होती आणि सोडलेली जागाही सापळा म्हणून वापरली होती.

ऑक्टोबर 1973 मध्ये गोलान पठारावर सीरियाच्या क्युब तुकड्यांनी हाच धडा गिरवला. 7 ऑक्टोबरला इस्रायलच्या हवाई दलाने सीरियाच्या क्षेपणास्त्र बॅटऱ्यांवर जी मोहीम काढली, तिच्यासाठी वैमानिकांच्या हाती असलेली तळांची माहिती शिळी झाली होती, कारण बॅटऱ्या दरम्यान जागा बदलून पुढे सरकल्या होत्या. सहा फँटम विमाने गमावली गेली आणि नष्ट झाली ती एकच बॅटरी. क्युबच्या अखंड लहरींची सूचना इस्रायली विमानांतील इशारायंत्रे नीट देऊ शकत नव्हती, या कारणाची चर्चा पुष्कळ होते आणि ते खरेही आहे. परंतु त्या विशिष्ट दिवसाच्या अपयशात बॅटऱ्यांच्या हालचालीचा वाटा अधिक मोठा होता, असे मानणेच सयुक्तिक ठरते.

आता बेका खोरे. एप्रिल 1981 मध्ये लेबनॉनमधील झाहले शहराजवळ इस्रायलने सीरियाची दोन हेलिकॉप्टरे पाडल्यानंतर सीरियाने आपल्या क्षेपणास्त्र बॅटऱ्या या खोऱ्यात आणून बसवल्या. त्यांच्या तेथे असण्यामागे लष्करी हेतूइतकाच राजकीय हेतूही होता. असा इशारा देणारी बॅटरी सर्वांना दिसावी लागते, आणि जी दिसावी लागते ती सहसा हलवली जात नाही. वर्षभराहून अधिक काळ या बॅटऱ्या बहुतांशी ठरलेल्या जागी राहिल्या आणि इस्रायलची मानवरहित विमाने त्यांची स्थाने निवांत टिपत राहिली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर खरे, पण येथे विंचवानेच घर बांधले होते. 9 जून 1982 रोजी इस्रायलने आधी फसवी मानवरहित विमाने पाठवून रडार चालू करावयास लावले, त्यानंतर रडारच्या लहरींचा माग काढत जाणारी क्षेपणास्त्रे सोडली आणि पाठोपाठ बॉम्बफेकी विमाने आली. 19 पैकी 17 बॅटऱ्या त्या दिवशी नष्ट झाल्या, असा आकडा बहुतेक ग्रंथांत आढळतो. जी प्रणाली नऊ वर्षांपूर्वी अजिंक्य वाटली होती, तिच्या वाहनांचे पट्टे याही वेळी शाबूत होते.

यावरून सतत हलत राहणे हाच रामबाण उपाय, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. 1999 मध्ये नाटोच्या 78 दिवसांच्या हवाई मोहिमेत युगोस्लाव्हियाच्या क्युब तुकड्या रडार क्षणभरच चालू करून जागा बदलत राहिल्या आणि त्यांतील बहुतेक बचावल्या. पण प्रवासात असलेली बॅटरी कोणाचेच रक्षण करीत नाही, आणि रडार बंद ठेवणारी बॅटरी जवळजवळ आंधळीच असते. त्या मोहिमेत नाटोची मोजकीच विमाने पडली. 27 मार्चला पाडले गेलेले एफ-117 हे सर्वांत गाजलेले, आणि तेही पाडले ते क्युबने नव्हे, तर तिच्याहून जुन्या एस-125 प्रणालीच्या एका दक्ष तुकडीने. तरीही शत्रूची विमाने बहुधा उंचावरच राहिली आणि रडारविरोधी विमानांचा ताफा त्यांना दररोज सोबत बाळगावा लागला, हे बचावलेल्या बॅटऱ्यांचे यश नजरेआड करण्याजोगे नाही.

एकुलत्या रडारगाडीचा प्रश्न सोव्हिएत अभियंत्यांनी पुढे बुक प्रणालीत निराळ्या रीतीने सोडवला. तेथे क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या प्रत्येक गाडीलाच स्वतःचे रडार मिळाले, त्यामुळे एक गाडी गेली तरी उरलेल्यांची दृष्टी शाबूत राहू लागली. खर्च वाढला, पण शत्रूला एका फटक्यात अख्खी बॅटरी मुकी करता येईना. भारताच्या आकाश प्रणालीने क्युबच्या क्षेपणास्त्रातील रॅमजेट इंजिनाची कल्पना स्वीकारली, आणि तिचे प्रक्षेपक पुण्याजवळ दिघी येथील संशोधन व विकास आस्थापनेत आकाराला आले. मात्र बॅटरीच्या मांडणीत तिने बुकचा मार्ग न धरता चार प्रक्षेपक आणि एकच राजेंद्र रडार हीच रचना ठेवली. एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा माग ठेवणाऱ्या, अँटेना न फिरवता किरण वळवणाऱ्या रडारच्या बळावर ही निवड कितपत समर्थनीय ठरते, याचा विचार पुढील लेखांकात, राजेंद्रच्या अंतर्रचनेबरोबरच करावा लागेल.