शुक्रवारचा माणूस

टेक्ससमध्ये फुटबॉलचे वार ठरलेले आहेत. शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार व्यावसायिक संघांचा. (फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकी फुटबॉल. त्यात पायाचा संबंध बेताचाच.) शाळेत चमकलेला पोरगा शुक्रवारातून शनिवारात जातो आणि नशिबात असेल तर रविवारात. प्रशिक्षकांनीही याच जिन्याने वर चढावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. प्रशिक्षक टॉड डॉज अधूनमधून शनिवारात जाऊन आले, पण त्यांचं नाव झालं ते शुक्रवारीच.

पोर्ट आर्थर हे तेलशुद्धीकरण कारखान्यांचं गाव. तिथल्या थॉमस जेफरसन हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांत गायिका जॅनिस जॉप्लिन आणि डॅलस काउबॉइजचे एकेकाळचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन अशी नावं आहेत. १९८० साली याच शाळेचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवून चेंडू फेकणारा गडी, असलेल्या टॉडने एका मोसमात ३,००० यार्डांहून जास्त पास फेकले. टेक्ससच्या शालेय फुटबॉलमध्ये हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं. बॉल हातात धरून समोरच्याच्या छाताडावर चालून जाणं हाच मर्दानी खेळ, असं मानणारा तो काळ होता. राज्याच्या अंतिम सामन्यात मात्र ओडेसा पर्मियनने जेफरसनला २८-१९ असं हरवलं. हाच पर्मियन संघ पुढे ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या पुस्तकामुळे जगभर माहीत झाला.

तिथून टॉड ऑस्टिनला, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये गेला. प्रशिक्षक फ्रेड एकर्स यांच्या संघाचा सगळा भर धावण्यावर, आणि हा पोरगा फेकणारा. १९८२च्या सन बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जखमी झाल्याने त्याला संधी मिळाली, तीही नाताळच्या दिवशी एल पासोच्या बर्फात. नॉर्थ कॅरोलिनाने २६-१० असा निकाल लावला. १९८४ साली टॉड संघाचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. त्या मोसमात टेक्सस काही काळ देशात पहिल्या क्रमांकावर होता. मग पावसात ओक्लाहोमाशी १५-१५ अशी बरोबरी झाली आणि पुढे गाडी घसरतच गेली. शेवटी फ्रीडम बोलमध्ये आयोवाने ५५-१७ असा धुव्वा उडवला. रविवारचं दार काही उघडलं नाही.

मग त्यांनी शिट्टी गळ्यात अडकवली. सुरुवातीची बरीचशी वर्षं इकडच्या-तिकडच्या शाळांत गेली. २००० साली ते डॅलस–फोर्ट वर्थच्या मधल्या साउथलेक गावी कॅरोल हायस्कूलमध्ये आले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण डॉज यांचं खरं काम इथलं. त्यांच्या संघात खेळाडू दोन चालींच्या मध्ये घोळका करून कुजबुजत नसत. चाल संपली की लगेच पुढची. पास झेलणारे रिसीव्हर मैदानाच्या पार या टोकापासून त्या टोकापर्यंत पांगलेले. क्वार्टरबॅक रेषेच्या थोडा मागे उभा राहून मान वळवतो, मैदानाच्या कडेला चाललेल्या हातवाऱ्यांतून चाल वाचतो, समोरचा बचाव कुठे विरळ आहे ते हेरतो आणि चेंडू मोकळा करतो. समोरच्यांना दमलेला गडी बदलायलाही उसंत मिळत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने काही सेकंदांत एवढं सगळं करायचं, म्हणजे ते आधी अंगात मुरलेलं असायला हवं. कॅरोलचा फायदा असा, की साउथलेकमध्ये मोठं हायस्कूल एकच. गावातली सगळी पोरं शेवटी त्याच एका संघात येणार. एका मोसमाचा विचार करणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही. डॉज पाच-पाच वर्षं पुढचं पाहत.

२००२ साली शाळा तेव्हाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे ५ए गटात चढली आणि पहिल्याच फटक्यात राज्य विजेती ठरली. २००२ ते २००६ या पाच मोसमांत ७९ विजय आणि एक पराभव. तो एक पराभव २००३च्या अंतिम सामन्यातला, केटी हायस्कूलकडून १६-१५, अवघ्या एका गुणाने. २००४, २००५, २००६ ही तिन्ही विजेतेपदं पुन्हा कॅरोलची. चेस डॅनियल आणि ग्रेग मॅकएलरॉय हे त्या काळातले क्वार्टरबॅक. डॅनियलने मिझुरी गाजवून रविवारातही बराच काळ टिकाव धरला, तर मॅकएलरॉयने २००९च्या मोसमात अलाबामाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. २००६चा क्वार्टरबॅक होता डॉज यांचाच मुलगा, रायली. त्या वर्षी अंतिम सामन्यात कॅरोलने ऑस्टिनच्या वेस्टलेक शाळेला ४३-२९ असं हरवलं. वेस्टलेकचा हरलेला क्वार्टरबॅक निक फोल्स. पुढे फिलाडेल्फियाला सुपर बोल जिंकून देणारा तोच हा फोल्स.

एवढं झाल्यावर कुणीतरी वर बोलावणारच. नॉर्थ टेक्सस विद्यापीठाने २००७ साली त्यांना थेट मुख्य प्रशिक्षक केलं. पहिला सामना ओक्लाहोमाशी, निकाल ७९-१०. पुढची तीन-साडेतीन वर्षं याच सुरात गेली. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला शब्द देऊन बसलेला रायली तो शब्द मोडून बापाच्या संघात आला. २००९ साली क्वार्टरबॅक म्हणून खेळला, दुखापतींनी बेजार झाला. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम चालू असतानाच, विद्यापीठाने डॉज यांना काढलं. हिशेब ६ विजय, ३७ पराभव.

लोकांनी तेव्हा लगेच निकाल दिला, की शाळेचा मास्तर शाळेतच बरा. नोत्र दामने १९८१ साली ओहायोच्या मोलर हायस्कूलमधून जेरी फॉस्ट यांना असंच थेट उचललं होतं, तेही फसलं होतं. तो दाखला निघालाच. मला हा निकाल अर्धाच पटतो. कॉलेजात प्रशिक्षकाचा निम्मा वेळ देशभरातल्या मुलांना आपल्याकडे वळवण्यात जातो. डॉज यांची ताकद उलटी: गावात जी पोरं आहेत त्यांना सातवी-आठवीपासून घडवायचं. शनिवारात त्या कसबाला गिऱ्हाईक नव्हतं.

वर्षभर पिट्सबर्ग विद्यापीठात साहाय्यक म्हणून काढून ते मार्बल फॉल्स या छोट्या गावच्या शाळेत गेले. दोन मोसम तिथे राहिले. कॅरोलच्या झगमगाटानंतरच्या या दोन वर्षांबद्दल लोक फारसं लिहीत नाहीत, कारण तिथे करंडक नाही. माझं कुतूहल नेमकं तिथेच अडकतं. करंडक मिळाले ते साउथलेकला आणि पुढे वेस्टलेकला, आणि या दोन्ही बड्या घरांच्या वस्त्या. खासगी प्रशिक्षक परवडणारे पालक, चकचकीत सुविधा. डॉज यांचं श्रेय मोजताना हा पैसा बाजूला ठेवून चालणार नाही.

२०१४ साली ते त्याच वेस्टलेकला गेले, जिला त्यांनी अंतिम सामन्यात हरवलं होतं. तिथल्या मैदानाला त्यांच्या सासऱ्यांचं, वेस्टलेकचे जुने प्रशिक्षक एबी नेपच्यून यांचं नाव आहे. सॅम एलिंगर हा पहिला मोठा शिष्य. २०१५ची अंतिम लढत नॉर्थ शोरने जादा वेळेत २१-१४ अशी हिसकावली. मग २०१९, २०२०, २०२१ असे सलग तीन करंडक आले.

मधला करंडक विसरता येणार नाही. कोविडमुळे लांबलेला २०२०चा अंतिम सामना जानेवारी २०२१मध्ये आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर झाला. समोर कॅरोल, आणि कॅरोलचा प्रशिक्षक रायली डॉज. एकीकडे केड क्लबनिक, दुसरीकडे क्विन युअर्स; दोघेही पुढे नामांकित कॉलेजांचे क्वार्टरबॅक झाले. वेस्टलेक ५२, कॅरोल ३४. सामना संपल्यावर बापाने लेकाला मिठी मारली. साउथलेकला राज्य विजेतेपदं मिळवून देणाऱ्यानेच त्या दिवशी साउथलेकला हरवलं होतं, आणि हरणारा त्याच गावात, त्याच बापाच्या हाताखाली खेळ शिकला होता.



२०२१च्या मोसमानंतर डॉज निवृत्त झाले. २०२४ साली डॅलसच्या उत्तरेकडच्या लव्हजॉय हायस्कूलने बोलावलं आणि साठीतला हा गृहस्थ पुन्हा शिट्टी घेऊन उभा राहिला. लव्हजॉय ५ए गटात खेळत होतं, कॅरोल त्यावरच्या ६एमध्ये. त्यामुळे प्लेऑफमध्ये मुलाशी पुन्हा गाठ पडायची भानगड नव्हती.