पानाचे हिरवे, रक्ताचे लाल

बाह्यरुग्ण विभागात एक जोडपे आले होते. बाईंचे वय तिशीच्या आत, चेहरा पांढुरका, जिना चढताना धाप लागते ही तक्रार. हिमोग्लोबिन ७.२. आधी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी आठवडाभरात सोडल्या होत्या. ‘‘मळमळायचं, आणि शौचाला काळं व्हायचं. म्हणून आता गव्हांकुराचा रस घेते. ते हिरवं रक्तच असतं म्हणे.’’

पती ऊस उत्पादक. मी त्यांना विचारले, ‘‘दादा, उसाची कोवळी पानं पिवळी पडली तर काय करता?’’

‘‘केवडा पडला म्हणायचं, आणि हिराकस फवारायचा. दुसरं काय!’’

त्यांच्या या उत्तरातच बाईंचा उपचार होता. कसा, ते समजण्यासाठी पानाच्या आत डोकवावे लागेल.

पानातला कारखाना

पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. पानाच्या प्रत्येक हिरव्या पेशीत हरितलवक नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, एकेका पेशीत कित्येक डझन. त्यांच्या आत नाण्यांच्या चळतीसारखे पातळ पापुद्रे रचलेले असतात आणि त्या पापुद्र्यांत हरितद्रव्य बसवलेले असते. ते सूर्यप्रकाशातला निळा आणि तांबडा भाग शोषून घेते. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो आणि परत फिरतो, तोच आपल्या डोळ्यांना दिसतो.

शोषलेला प्रकाश एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत ठरावीक केंद्रापर्यंत पोहोचतो आणि तिथल्या हरितद्रव्यातून एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी पाण्याचा रेणू फोडला जातो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन या पाण्यातून सुटलेला असतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. उडालेला इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिला जातो, त्यातून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा साठते आणि त्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. उसाची गोडी ती हीच.

वनस्पतीचा फक्त हिरवा भाग, आणि तोही उजेडातच, हवा शुद्ध करतो हे १७७९ मध्ये दाखवून देणारे यान इंगेनहाउझ हे पेशाने डॉक्टर होते. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवीची टोचणी करण्यासाठी त्यांना बोलावले गेले होते.

साम्य खरे, निष्कर्ष चुकीचा

‘हिरवे रक्त’ या कल्पनेला आधार अगदीच नाही असे नाही. हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा आणि हिमोग्लोबिनमधल्या ‘हीम’चा गाभा यांची कडी जवळजवळ सारखी असते. या दोन्हींच्या रचनेवरील संशोधनासाठी हान्स फिशर यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फरक कडीच्या मध्यभागी आहे. हरितद्रव्यात तिथे मॅग्नेशियम असते, हीममध्ये लोह.

मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवण्याची सोय आपल्या शरीरात नाही. पोटातल्या आम्लाने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम सुटते आणि उरलेला बहुतेक भाग शौचावाटे निघून जातो. याचा अर्धा प्रयोग स्वयंपाकघरात रोज होतो. पालकाच्या भाजीत चिंच किंवा लिंबू पडले की हिरवा रंग शेवाळी, तपकिरी होतो. मॅग्नेशियम निघाल्याची ती खूण. हीम मात्र शरीर अस्थिमज्जेत स्वतः घडवते. त्यासाठी त्याला हवे असते लोह.

बिटाचीही तीच गत. बीट लाल म्हणून रक्त वाढवते, हा समज घरोघरी आहे. त्याचा लाल रंग वेगळ्याच रंगद्रव्याचा आहे, त्याचा रक्ताशी संबंध नाही आणि बिटात लोहही फारसे नसते. बीट खाल्ल्यावर लघवी लाल झाली म्हणून घाबरून येणारे रुग्ण आम्ही पाहतो. तो बिटाचाच रंग.

मग उसाला हिराकस का?

हरितद्रव्यात लोह नसते, पण ते तयार करण्याच्या क्रियेत लोह लागते. इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या प्रथिनांतही ते असते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणजे उसाचाही तो ‘पांढुरका चेहरा’च. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. रुग्णालयातल्या अनेक लोहगोळ्यांत हाच क्षार औषधी शुद्धतेचा आणि मोजून घातलेला असतो. (शेतीचा हिराकस चुकूनही खाऊ नये. तो विषारी ठरू शकतो.)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रसाच्या भरवशावर गेलेले दोन-तीन महिने गर्भवतीला महागात पडू शकतात.

काय करावे?

हिरव्या भाज्या जरूर खाव्यात. त्यांच्यात लोह आणि फोलेट असते. हिरव्याखाली झाकलेले पिवळे कॅरोटीन थोड्या तेलातल्या भाजीतून मिळून जीवनसत्त्व ‘अ’ बनते. पण भाजीतले लोह कमी शोषले जाते. त्यामुळे सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घ्यावा. जेवणानंतर तासभर चहा टाळावा. हिमोग्लोबिन एवढे उतरले असेल तर मात्र गोळ्यांना पर्याय नाही. गर्भवतींना त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शौच काळे होणे निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल तर गोळी न सोडता डॉक्टरांना सांगावे, वेळ किंवा मात्रा बदलता येते. मासिक पाळीत जादा रक्तस्राव, जंत, बी-१२ ची कमतरता, सिकलसेल यांपैकी कारण कोणते, तेही शोधावेच लागते.

त्या बाईंना गोळी रात्री जेवणानंतर द्यायला सुरुवात केली. जंताचे औषधही दिले. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.८ झाले. पती म्हणाले, ‘‘ऊस महिन्यात हिरवा होतो, हिला वेळ लागला.’’ मी म्हटले, ‘‘दादा, अजून थांबायचं नाही. आकडा बारावर गेला तरी पुढे तीन महिने गोळी चालूच ठेवायची. शरीराचं कोठार भरायला हवं.’’