क्लचची दुरुस्ती : आधी निदान, मग खर्च

लासलगावच्या बाजारात कांदा नेणारी असो वा नळपाणी योजनेचे पाइप वाहणारी असो, जुनी पिकअप गाडी हा ग्रामीण वाहतुकीचा मोठाच आधार आहे. अशी गाडी चढावर अडू लागली की ‘क्लच गेला’ असा निर्णय तत्काळ दिला जातो, गिअरबॉक्स उतरविला जातो आणि मोठ्या रकमेचे देयक मंजुरीसाठी पुढे येते. वस्तुतः क्लचचे काही दोष गिअरबॉक्सला हात न लावता दूर होतात. म्हणून चालकाप्रमाणेच देयकावर सही करणाऱ्यासही या यंत्रणेची ओळख असणे हितावह आहे.

क्लचचे कार्य

इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. तिच्यामार्फत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले असता केबलच्या ओढीने अथवा द्रवाच्या दाबाने रिलीज बेअरिंग सरकते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. यावरून दोन मुख्य दोष संभवतात : पकड पुरेशी न बसणे आणि पकड पुरती न सुटणे. या दोहोंचे उपाय परस्परविरुद्ध असल्याने आधी दोष ओळखणे अगत्याचे आहे.

लक्षणे व कारणे

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. पेडलला मोकळी चाल न उरणे, प्लेटचे अस्तर झिजणे अथवा त्यावर तेल येणे ही त्याची कारणे होत.

पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडत असेल, विशेषतः रिव्हर्स गिअर, तर क्लच पुरता सुटत नाही. केबल सैल होणे, द्रव गळणे किंवा नळीत हवा शिरणे ही कारणे प्रथम तपासावीत. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून चिकटल्याचेही आढळते.

पेडल दाबताच आवाज सुरू झाल्यास रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट, पेडल दाबताच आवाज थांबत असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असतो. तेथे नवी क्लच प्लेट घालणे व्यर्थ होय.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम पेडलची मोकळी चाल मोजावी. केबलच्या अनेक जुन्या गाड्यांत ती सुमारे २० ते २५ मिलिमीटर असते. नेमके माप गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये टाकीतील पातळी व गळती पाहून हवा काढावी. त्यात ठरवून दिलेला ब्रेक द्रवच घालावा. इंजिन तेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

एवढ्याने दोष न गेल्यासच गिअरबॉक्स उतरवावा. चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुफ्फुसास घातक असते. म्हणून ती हवेच्या झोताने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी. इंजिनाचे तेल गळत असल्यास ते आधी बंद करावे, अन्यथा नवे अस्तरही लवकरच खराब होईल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलणे सोयीचे असते, कारण मजुरी तीच पडते. प्लेट मध्यावर नीट बसवून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत.

चालकाची जबाबदारी

पेडलवर सतत पाय ठेवणे आणि घाटात हँडब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरणे, या सवयींनी चांगला क्लचही अकाली झिजतो. चालकाने त्या सोडल्या, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी ‘मोकळी चाल तपासली काय? तेलाची गळती पाहिली काय?’ हे दोन प्रश्न विचारले गेले, तर सार्वजनिक पैशाची बचत होईल आणि ऐन गरजेच्या वेळी गाडी घाटात अडून पडणार नाही.